पेशींना फिरवून आणलं

भाचीने एक्स-रेसारख्या दोन फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या आणि म्हणाली, "मामा, या पेशींना मी काहीच दिलं नव्हतं. मग हा पट्टा इकडे येतो आणि तिकडे का येत नाही?"

तिच्या दोन्ही हातांत एकेक फिल्म होती. एक तिची, एक तिच्याबरोबर संशोधन करणाऱ्या उंच पोराची, ज्याला सगळे उंचाड्या म्हणतात. तिच्या फिल्मवर काळा ठसठशीत पट्टा, त्याच्या फिल्मवर कोरी जागा.

मी त्याच संस्थेत काचसामान धुण्याच्या खोलीत काम करतो. भाची वरच्या मजल्यावर संशोधन करते. घरी मामा म्हणते म्हणून तिथेही मामाच म्हणायची, आणि बघता बघता मी सगळ्या मजल्याचा मामा झालो. मोठे सरसुद्धा मामा म्हणतात, आणि ते माझ्याहून फार लहान नाहीत. बहीण चिडवते की एवढ्या शिकलेल्या माणसांनी मिळून माझ्या भावाला मामा बनवलं.

तो पट्टा कशाचा, हे भाचीने मला जेवताना समजावलं होतं. पेशीच्या आत प्रथिनं असतात, आणि कामं तीच करतात. पण सगळ्यांनी सदासर्वदा कामाला लागून चालत नाही. म्हणून फॉस्फेट नावाचा एक इवलासा तुकडा प्रथिनाला चिकटवला जातो. तेवढ्याने प्रथिनाचा आकार जरासा वाकतो आणि ते कामाला लागतं. काही प्रथिनं उलट त्यानेच थांबतात. चिकटवणारे वेगळे, काढणारे वेगळे, आणि दोघांचं अखंड चालू असतं. मी म्हटलं, आमच्या वाफेच्या यंत्राचं तसंच आहे, झाकणाची खिटी बसल्याशिवाय ते तापत नाही. तिला ते आवडलं. तेव्हापासून आमच्या घरात, आणि हळूहळू त्या मजल्यावरही, फॉस्फेटला खिटी म्हणतात.

खिटी डोळ्यांना दिसत नाही. ती बघायची तर पेशी बर्फावर फोडायच्या. फोडायच्या पाण्यात खिटी काढणाऱ्यांचे हात बांधून ठेवणारं औषध घालायचं, नाहीतर आपण बघेपर्यंत सगळ्या खिट्या निघालेल्या असतात. मग प्रथिनं जेलीसारख्या वडीतून विजेने पळवायची, म्हणजे लहान-मोठी वेगळी होतात. ती एका पातळ पडद्यावर उतरवायची आणि त्यावर अशी अँटिबॉडी ओतायची, की जी फक्त खिटी बसलेल्या प्रथिनालाच धरते. जिथे धरलं तिथे फिल्मवर पट्टा उमटतो.

भाचीचं सगळं काम एकाच प्रथिनावर होतं. हार्मोनचा थेंब दिला की त्याला खिटी बसते, हे आधीच माहीत होतं. तिचं म्हणणं होतं की काहीही न देता, पेशी निवांत असतानाही खिटी बसलेलीच असते. पेशी आधीपासून कंबर कसून तयार असते. सर खूश होते. मग खात्री करायला व्हरांड्यापलीकडच्या खोलीतल्या उंचाड्याने तोच प्रयोग केला, आणि त्याची फिल्म कोरी निघाली. सरांनी सांगितलं, दोघांनी एकाच वेळी पुन्हा करा. जमलं नाही तर विषय उंचाड्याकडे जाईल. त्या दिवसापासून भाची अर्धं ताट तसंच ठेवून उठू लागली, आणि बहीण मला विचारू लागली की तुझ्या त्या सरांना पोटची पोर आहे की नाही.

दोघांनी एकाच वेळी केलं. तिचा पट्टा आला, त्याचा नाही. आधी संशय माझ्या बाटल्यांवर गेला. बाटल्या बदलल्या. तेच. औषधं अदलाबदल केली. तेच. मग उंचाड्या म्हणाला की आता हात बदलू. तो तिच्या टेबलावर, ती त्याच्या टेबलावर. मला वाटलं होतं हा आता तोरा मिरवणार, पण तोही चक्रावलेला होता.

या वेळी पट्टा उंचाड्याला आला. भाचीची फिल्म कोरी.

"म्हणजे चूक माणसात नाही, टेबलात आहे," तो म्हणाला. "तुझ्या टेबलाला खिट्या लागतात."

भाची हसली नाही. ती आपल्या टेबलापासून उठली आणि रिकाम्या हातांनी व्हरांड्यातून चालत निघाली. पेशी वाढतात ते उबदार कपाट उंचाड्याच्या खोलीत आहे. भाचीला जागा मिळाली ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या यंत्रापाशी. कपाटापर्यंत जाऊन ती परत आली, पुन्हा गेली.

"निवांत कुठल्या," ती म्हणाली. "माझ्या पेशी माझ्याकडे येईपर्यंत केवढा प्रवास करून येतात."

तिने पेशी वाढवलेल्या दोन बशा घेतल्या. एक कपाटातच ठेवली. दुसरी घेऊन व्हरांड्याला फेरी मारून यायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती दोघं बर्फ आणि घड्याळ सांभाळत होती. गुलाबी पाण्याखाली तळाला चिकटलेल्या, मला न दिसणाऱ्या पेशी घेऊन मी फिरून आलो. वाटेत झाडूवालीने विचारलं, मामा, काय चाललंय. मी सांगितलं, यांना फिरायला नेतोय. फिरून आल्यावर दोन्ही बशांतल्या पेशी कपाटाशेजारीच, एकदम फोडल्या.

फिरलेल्या बशीचा पट्टा आला. न फिरलेलीचा नाही.

भाची सरांनी बोलावण्याची वाट न बघता त्यांच्याकडे गेली. मी धुतलेल्या बाटल्यांची ट्रॉली घेऊन दाराशी होतो, म्हणून ऐकलं. तिने सांगितलं की माझं म्हणणं चुकलं, निवांत पेशीत खिटी नसते, ती मी रोज नेता-नेता बसवत होते. सरांनी दोन्ही फिल्म उजेडात धरून बघितल्या. मग म्हणाले की ठरल्याप्रमाणे विषय उंचाड्याकडे जाईल.

"जाऊ दे, सर," ती म्हणाली. "मला व्हरांडा द्या. त्या पेशींना वाटेत काय जाणवलं, गारवा की हिंदकळणं, ते मला बघायचंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. तेवढं झालं की माझ्याकडे ये, म्हणाले, मलाही बघायचंय.

पुढच्या खेपेला एक बशी पाणी न हलवता अलगद नेऊन दाराबाहेरच व्हरांड्यातल्या गारठ्यात स्टुलावर नुसती ठेवली. दुसरी कपाटाच्या उबेतच ठेवून भाचीने हळूहळू डोलवली. फिल्म बाहेर आली तेव्हा उंचाड्याही मान खाली वाकवून उभा होता. गारठ्यातली कोरी होती. डोलवलेलीवर पट्टा होता, पण फिका.

घरी बहिणीने विचारलं, विषय गेला म्हणतात, आता पोरीचं कसं होणार. भाची दोन घास जास्त जेवली आणि म्हणाली, "आई, त्यांना पाणी हललेलं कळतं." बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाचीने माझ्या हातात पुन्हा एक बशी दिली.

"मामा, हळू हलवलं म्हणून पट्टा फिका आला का, ते बघू," ती म्हणाली. "या वेळी जरा घाईत चाल."