ब्रेकफास्ट मास्तर

गुणवंतराव मास्तरांनी सदतीस वर्षांत किती मुलांना इंग्रजी शिकवलं, तो आकडा शाळेच्या दप्तरात निघेल. त्यांतल्या किती जणांना इंग्रजी आलं, हे मात्र कोणी विचारू नये. एक शब्द तेवढा सगळ्यांना आला. वैनगंगेच्या अल्याडच्या त्या गावात आजही धानाच्या रोवणीत वाकलेली बाई वर न पाहता सांगेल की ब्रेकफास्ट म्हणजे नाश्ता नव्हे. ब्रेक म्हणजे मोडणं आणि फास्ट म्हणजे उपास. रात्रीपासून पोटाला पडलेला उपास सकाळी मोडायचा, तो ब्रेकफास्ट. एवढं सांगून ती बाई पुन्हा चिखलात हात घालील, आणि तिचा स्वतःचा उपास दुपारी बांधावर मोडेल.

मास्तरांचा या शब्दावर जीव होता. नागपूरहून आणलेल्या जाड कोशात त्यांनी त्याचं कूळ शोधून ठेवलं होतं. डिनरचं मूळही तेच, म्हणायचे. लॅटिनमधून फ्रेंचांकडे आला, तिथून इंग्रजांकडे, आणि त्याच्याही पोटात उपास मोडणंच. म्हणजे इंग्रज एकच उपास दोनदा मोडतो आणि दुसऱ्यांदा मोडायला कोट घालून बसतो. आपल्या न्याहारीतसुद्धा, मास्तरांच्या मते, फारसीतलं उपाशी पोट लपलेलं होतं. लोक ऐकून घेत. ऐकायला काही जात नाही, आणि मास्तर बोलत असले की निदान काही विचारत नाहीत. पाठीमागे त्यांना सगळे ब्रेकफास्ट मास्तर म्हणत. मास्तरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांची बायको ताराबाई तेवढी मान हलवायची. ‘‘शब्द रोज उघडून पाह्यते,’’ ती शेजारच्या मुखरूला सांगायची, ‘‘घरचा डबा काई कधी उघडून पाह्यला नाई.’’

ही ताराबाई माघातल्या एका मंगळवारी पहाटे गेली. अंगणात सडा टाकायला उठली, बादली भरली आणि बादलीपाशीच बसली. मास्तरांनी आतून दोनदा चहा विचारला. तिसऱ्यांदा विचारायला बाहेर आले तेव्हा विचारण्यासारखं कोणी नव्हतं.

चंद्रपूरहून मुलगा मिथुन आला. मूलहून मुलगी दिव्या आली, तिला पाचवा महिना लागलेला. दुपारी नदीच्या रेतीत सरण रचलं. गाव सारा होता. आणि पल्याडहून, मार्कंड्याच्या देवळाच्या बाजूने, एक डोंगा आला. त्यातून ताराबाईचा धाकटा भाऊ पत्रू उतरला. घोट्याभर पाण्यातून चालत आला, बहिणीच्या सरणावर एक लाकूड ठेवलं, कोणाशी बोलला नाही, आला तसा परत गेला. मास्तरांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. हे मास्तरांनी पाहिलं, आणि गावानेही पाहिलं. अशा गोष्टी टिपायला गाव रडता रडताही एक डोळा कोरडा ठेवतो.

घरी येऊन सगळ्यांनी आंघोळी केल्या, कडुनिंबाचं पान दातांखाली धरलं आणि बसून राहिले. आता वाट होती कडू भाकरीची.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. पहिली भाकर बाहेरून येते, आणि बाई गेली असेल तर ती तिच्या माहेरची. माहेरचा माणूस दारात येतो, घरातल्या कर्त्याला पहिला घास भरवतो, मग बाकीचे जेवतात. तोवर घरात कोणी तोंडात अन्न घालत नाही. माहेर जिवंत असताना शेजाऱ्याने पुढे होऊन भाकर आणली, तर तिचं माहेर मेलं असा त्याचा अर्थ होतो. असं करणाऱ्याला मग बारा गावं बोल लावतात. भाकर मागायचीही नसते. निरोप मृत्यूचा द्यायचा. भाकर आपण होऊन आली पाहिजे.

गल्लीत त्या संध्याकाळी निदान सात घरी जास्तीचा भात शिजला, आणि सातही गंजांवर झाकणं होती. मुखरूच्या बायकोने तर वरणाला फोडणी देऊन ठेवली होती आणि दर थोड्या वेळाने दारात येऊन रस्ता पाहत होती. पण पत्रूच्या आधी पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती.

पत्रू आला नाही. अंधार पडला. मास्तर म्हणाले, नाही यायचा तो. अकरा वर्षं या उंबऱ्याला शिवला नाही, तो आज काय येणार.

अकरा वर्षांपूर्वीचं सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळे तेव्हा हसले होते. पत्रूची मुलगी रंजीता, तिचा साखरपुडा. मांडवात नवऱ्या मुलाकडची माणसं बसलेली, आणि मास्तरांना एक जुनी गंमत आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते पल्याडच्या शाळेवर होते, आणि पत्रू त्यांच्या पाचवीच्या वर्गात. रोज सकाळी एकेकाला उभं करून ते इंग्रजीत विचारायचे, ब्रेकफास्टला काय खाल्लं. पत्रूचं उत्तर ठरलेलं : आय हॅड राइस, सर. एक दिवस असं म्हणतानाच त्याच्या पोटातून असा आवाज आला की वर्ग खो खो हसला. खोटं बोलला म्हणून मास्तरांनी त्याला तीन छड्या दिल्या आणि शंभर वेळा ब्रेकफास्ट लिहून आणायला लावला. ‘‘पोटात भोंगा वाजून राह्यला,’’ मास्तर मांडवात नक्कल करत म्हणाले होते, ‘‘आन साहेब म्हणते, आय हॅड राइस.’’ व्याही हसले. विहीण पदर तोंडाला लावून हसली. पत्रूने हातातलं पानाचं तबक खाली ठेवलं आणि नदीकडे निघून गेला. लग्न पार पडलं, पण त्या दिवसापासून त्याने मास्तरांच्या घरचं पाणी सोडलं. मास्तरांच्या लेखी चूक एवढीच, की त्याला गंमत कळली नाही. पुढे दर शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत ताराबाई भावाच्या घरी जाऊन बसायची आणि मास्तर देवळाच्या कट्ट्यावर तिची वाट पाहायचे.

बुधवारची सकाळ उजाडली. मिथुनने चहा आणला, कारण चहाला अन्न धरत नाहीत, ही सोय कोणीतरी शहाण्याने करून ठेवली आहे. तो म्हणाला, बाबा, मी चूल पेटवतो, हे जुनं सारं सोडा. मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं. मग दिव्या उठायला गेली, भिंत धरली आणि भिंतीवरून सरकत खाली बसली. बायांनी तिला घेरलं. दूध पी, म्हणाल्या. तिने ओठ मिटले. म्हणाली, आईचा घास आधी बाबांच्या तोंडी पडल्याशिवाय मी काही घेणार नाही. हट्टाचा हा वाटा तिला आईकडून आला की बापाकडून, हे ठरवायची ती वेळ नव्हती.

मास्तरांनी चपला न घालता नदीचा रस्ता धरला. सुतकी माणसाने असं जायचं नसतं, मुखरू मागून म्हणाला. मास्तर म्हणाले, पत्रूच्या पाया पडून भाकर मागून आणतो. मुखरू तिथेच थांबला. मागितलेल्या कडू भाकरीबद्दल त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि मास्तर कोणाच्या पाया पडतील हेही नाही.

रेतीवर सरणाची राख अजून कोमट होती. मास्तरांनी तिला वळसा घातला आणि काठाशी आले, तर डोंगा अल्याडच लागलेला. पत्रू त्यात बसला होता. मांडीवर फडक्याची गाठोडी.

मास्तर उभे राहिले. पत्रू उठला नाही.

‘‘काल सांजेपासून येऊन राह्यलो, मास्तर,’’ तो म्हणाला. ‘‘दिवे लागेवर बसलो. कालची भाकर मासोळ्याइले टाकली. ही आजची.’’

मास्तर म्हणाले, घरापर्यंत का आला नाहीस, पोरगी तिकडे उपाशी पडली आहे. पत्रूने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज साधा होता. म्हणाला, आमच्या काठाची रीत तशी नाही. मौतीच्या घरी माहेरचा माणूस आपल्या पायाने शिरत नाही. घरचं कोणी पाण्यापर्यंत येतं, हात धरतं आणि नेतं. काल लाकूड ठेवलं तेव्हा तुम्ही हात धराल असं वाटलं. नाही धरला. मग समजलो की ताईच्या मागे तुम्हाला तिचं माहेर नको आहे.

शेहेचाळीस वर्षं या दोन काठांमध्ये मास्तरांचा संसार झाला, आणि एका काठाची रीत त्यांना माहीत नव्हती. ते खाली रेतीत बसले. मग जन्मात पहिल्यांदा ते काम त्यांनी केलं, जे करायला सदतीस वर्षं मुलांना सांगत होते : चुकलो म्हणाले. रीत माहीत नव्हती, म्हणाले. साखरपुड्याचं ते बोलणंही मनात धरू नकोस, गंमत होती ती.

पत्रू गाठोडीची गाठ सोडत होता. हात थांबले.

‘‘राइस खाल्ला म्हणो ना मी, ते खोटं नव्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘एक दिवसाआड खरं होतं. बाबा डोंग्यावरून पाण्यात गेला त्या साली. सकाळी एका गिन्याभर पेज उरे. एक दिवस ताई पिये, एक दिवस मी. तुमी मारलं तो ताईचा दिवस होता.’’

नदीवर वारा नव्हता. पल्याडच्या देवळाच्या बाजूने कोणाच्या तरी लाउडस्पीकरचा आवाज येत होता.

‘‘घरी गेलो त हातावरचे वळ पाह्यले तिनं. तिची पेज तशीच होती, नासली सांजेपर्यंत. तिनं पेली नाई आन मलेबी उतरली नाई. दोन वर्सांनी तिचं तुमच्याशी जमलं. मी म्हणलो, याले नवरा काऊन करतं? म्हणे, त्याइले माईत असतं त मारलं नसतं.’’

‘‘मले कधी बोलली नाई,’’ मास्तर म्हणाले.

‘‘नाई बोलली. मी म्हणलो तिले, इचारलं असतं त माईत झालं असतं. रोज इचारत त होते, पण इंग्रजीत.’’

शेहेचाळीस वर्षांच्या सकाळी मास्तर मनात उलटत राहिले. कप, बशी, पोहे, वर्तमानपत्र. समोर ती. तिच्या हातात काय होतं, ती खात होती की नुसती उभी होती, हे एकाही सकाळचं त्यांना आठवेना. किती मुलं बाकावरून उठून खोटं बोलली असतील आणि कोणाचा दिवस कोणाच्या वाट्याचा असेल, याचा हिशेब लावू गेले, तर तो लागण्यातला नव्हता.

पत्रू डोंग्यातून उतरला. तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर निंबाचा पाला घालून शिजवलेली भाजी ठेवली आणि मास्तरांच्या तोंडापुढे धरला. मास्तरांनी तोंड उघडलं. घास कडू होता, तसा तो असतोच. पण गळ्याखाली जाईना. पत्रू हात तसाच धरून उभा राहिला, मोठ्या माणसाने लहानग्यासमोर उभं राहावं तसा, गिळेपर्यंत.

‘‘चल घरी,’’ मास्तर म्हणाले आणि उठून त्याचा हात धरला. ‘‘धरला, पाह्य. आता चल.’’

पत्रूने हात सोडवून घेतला नाही. मास्तरांनीच सोडावा म्हणून थांबला. मग म्हणाला, ‘‘ही ताईची होती म्हणून आणली. ताईच्या लेकरांपर्यंत तुमी न्या. घर तिच्यासाठी होतं मले. आता कोणाच्या घरी येऊ?’’

मास्तरांनी हात सोडला. पत्रूने गाठोडी बांधून त्यांच्या हातात दिली. परवा राख सोडायला डोंगा लागेल, तो मी आणीन, म्हणाला. दुसरा कोणी ठरवू नका.

मास्तर भाकर घेऊन घरी आले. दिव्याला भरवली, मिथुनला भरवली. त्याबरोबर सात घरांची सात झाकणं उघडली आणि अंगण गंजांनी भरलं. दिव्याने विचारलं, मामा आला नाही का. मास्तर म्हणाले, नदीपर्यंत आला होता. त्यापुढे त्यांनी जोडलं काही नाही, आणि मास्तर वाक्य अपुरं ठेवतात हे मुखरूला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

शुक्रवारी सकाळी पत्रूने डोंगा आणला. मास्तर मडकं मांडीवर घेऊन मधे बसले, मिथुन मागे. धार लागली तिथे पत्रूने वल्हं आडवं धरून डोंगा थोपवला. मास्तरांचे हात मडक्यावरून निघेनात. पत्रूने घाई केली नाही. ऊन वर येत होतं, पाण्यावर एक बगळा सरकत होता.

‘‘सोडा आता, मास्तर,’’ शेवटी तो म्हणाला.

ताराबाईशी लग्न झाल्यापासून या नदीच्या दोन्ही काठांवर गुणवंतरावांना भाऊजी म्हणणारा एकच माणूस होता, आणि तोही आता मास्तर म्हणत होता. त्यांनी मडकं कलतं केलं. राख पाण्यावर थोडा वेळ डोंग्याबरोबर राहिली आणि मग मार्कंड्याच्या काठाकडे गेली.