फाटकावरचा फिर्मँ

आमच्या लाव्हर्नोल गावच्या फुटबॉल क्लबाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की गावात जे खरं बोलतात त्यांना लिहायचा कंटाळा आहे.

इतिहास तसा लहान आहे. १९२३ साली पाद्रीबाबांकडे मैदान होतं आणि शाळामास्तरांकडे चेंडू. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. एक अख्खा हिवाळा पाद्रीबाबांची पोरं चेंडूशिवाय पळाली आणि मास्तरांची पोरं चेंडू काखेत धरून कुंपणाबाहेर उभी राहिली. शेवटी पोरांच्या आयांनी तह घडवला आणि क्लब निघाला. सात वर्षांनी पूर आला, तेव्हा तो चेंडू नदीतून खालच्या व्हालमोर्जला वाहून गेला. त्यांनी परत तर दिला नाहीच, पुढच्या मोसमात त्याच चेंडूने आम्हाला सात गोल मारले. ठिगळ आमच्याच मोच्याने घातलेलं, लांबून ओळखू येत होतं.

मैदान एका अंगाला इतकं उतरतं, की नाणेफेक हरलो तर आमचा कप्तान कोट घालून घरी निघतो आणि त्याला समजावून परत आणावं लागतं.

राहिला आमचा सुवर्णकाळ. तो १९६७ साली एका रविवारी दुपारी साधारण चार सेकंद टिकला. फ्रान्स चषकात चिठ्ठ्या पडल्या आणि मोठ्या शहराचा पगारी संघ बसमधून आमच्या चिखलात उतरला. आम्ही नऊ-एकने हरलो. त्यातला एक माझा. मी, फिर्मँ बोर्दला, वय पंचवीस, धंदा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. सुरुवातीला तो गोल मी वीस मीटरवरून मारल्याचं सांगायचो. जसजसे गुडघे दुखू लागले तसतसं अंतर वाढत गेलं. गेल्या वर्षापर्यंत चाळीस मीटर झालं होतं.

खेळणं सुटल्यावर झेंडा आला. आमच्या पायरीच्या सामन्यांत रेषेवर दोन्ही क्लबांचा एकेक माणूस झेंडा घेऊन उभा राहतो. आमचा मी, एक्केचाळीस वर्षं. पाहुण्यांचा खेळाडू गोलच्या दिशेने नुसता बघायला लागला तरी मला ऑफसाइड दिसायचं.

आयुष्यात माझी एकच इच्छा उरली होती. मैदानाच्या फाटकावर माझं नाव असावं आणि ते वाचायला मी असावा. अडचण नगरपालिकेच्या नियमाची होती. जिवंत माणसाचं नाव गावात कशालाही द्यायचं नाही. माझ्या जन्माआधी एका धान्यवाल्याचं नाव त्याच्या हयातीत रस्त्याला दिलं होतं. पुढच्याच वर्षी तो औषधवाल्याच्या बायकोबरोबर त्याच रस्त्याने पळाला. तेव्हापासून गावाने ठरवलं, माणूस पुरता संपल्याशिवाय त्याचा भरवसा नाही.

शताब्दीच्या वर्षी, फेब्रुवारीत, मला न्यूमोनिया झाला. डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले आणि मग खिडकीबाहेर बघू लागले. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले की लाव्हर्नोलमध्ये सुतार शवपेटीसाठी मोजपट्टी शोधतो. त्याच आठवड्यात नगरपालिका बसली आणि मैदानाला माझं नाव द्यायचा ठराव एकमताने झाला. माझ्या बाबतीत गावाचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

घाई पाटीची होती. एनॅमलच्या पाट्या करणारा जिल्ह्यातला शेवटचा म्हातारा मार्चअखेर भट्टी कायमची विझवणार होता. म्हणून पाटी लगेच भाजून घेतली. निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘फिर्मँ बोर्दला क्रीडांगण, १९४२–२०२३’. खाली बारीक अक्षरांत, ‘१९६७ च्या गोलचा मानकरी’.

पाटी भट्टीतून निघाली त्या दिवशी मी अंथरुणात उठून बसलो आणि ऑम्लेट मागितलं.

गाव मला भेटायला लोटलं. सगळ्यांना आनंद झाला होता, त्याबद्दल शंका नाही. पण आनंद दाखवून झाल्यावर प्रत्येकजण दारात जरा घुटमळायचा, मोडलेल्या लग्नातला आहेर परत नेऊ का, असं विचारायला आल्यासारखा. क्लबाचा अध्यक्ष अँसेल्म खाटकाचं दुकान चालवतो. त्याने मला रोज चरबीदार सॉसेज पाठवायला सुरुवात केली.

“अरे, डॉक्टरांनी हे बंद केलंय,” मी म्हटलं.

“म्हणूनच म्हणतो, फिर्मँकाका. सुख किती दिवस टाळायचं माणसाने?”

एप्रिलमध्ये नगराध्यक्षा ताब्युतो मॅडम स्वतः आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या.

“तब्येत काय म्हणते?”

“ठणठणीत, मॅडम.”

“वा. आणि साधारण सप्टेंबरपर्यंत… काय अंदाज?”

“सप्टेंबरपर्यंतही ठणठणीत.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “गैरसमज करून घेऊ नका. पण सतरा सप्टेंबरला शताब्दी आहे आणि पाटीवर वर्ष भाजलंय. खरवडलं तर एनॅमल उडतं.”

“मग नियम बदला.”

“नियम बदलला तर उद्या अँसेल्मचं नाव कत्तलखान्यावर लावावं लागेल. तो केव्हाचा टपून बसलाय.”

“मग फाटकावर काय लावणार?”

“‘नगरपालिका क्रीडांगण क्रमांक एक.’”

“दुसरं कुठाय?”

“तेच तर,” मॅडम म्हणाल्या आणि डोळे पुसत उठल्या. माझ्यासाठी पुसले की पाटीसाठी, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर मला झोप लागेना. पाटी नगरपालिकेच्या तळघरात मतपेट्यांच्या मागे उभी करून ठेवली होती. मी दोनदा जाऊन बघून आलो. अक्षरं फार सुरेख होती. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मनात आलं, ऑक्टोबरात नाहीतरी मला काय करायचंय? इतकी वाईट अवस्था.

वाट काढली ती ओदीलने. मैदानाकडेला लाकडी खोपटात ती वाइन आणि गरम सॉसेज विकते. पन्नास वर्षं क्लबाच्या जर्स्या तिनेच धुतल्या आहेत, त्यामुळे कोण किती पळाला हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. जूनमधल्या सभेत सगळे डोकं धरून बसले होते. ती ग्लास पुसता पुसता म्हणाली, “पाटीवरचा फिर्मँ वेगळा होता असं म्हणा की.”

“वेगळा म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“पाटीवरचा मेला बिचारा. हा दुसरा. झेंडेवाला.”

“पण तसा पुरावा लागेल. कुठेतरी लिहिलेलं हवं.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. “पुस्तक कोण लिहितंय?” अँसेल्म म्हणाला.

मी मान डोलावली. पाटी फाटकावर लागणार होती आणि मी ती वाचणार होतो. एवढ्या आनंदात माझ्या लक्षातच आलं नाही, की दोन फिर्मँ झाले म्हणजे वाटणी आली. सख्ख्या भावांची वाटणी इतकी झटपट होत नाही.

“सदुसष्टचा गोल?” अँसेल्मने सुरुवात केली.

“मेलेल्याचा,” मॅडम म्हणाल्या. “पाटीवरच लिहिलाय.”

“नंतरच्या पुरात पोहत जाऊन गोलचा खांब परत आणला, ते?”

“मेलेल्याचं.”

“व्हालमोर्जविरुद्ध पेनल्टी चर्चच्या घड्याळावर मारली, ती?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“आणि अठ्ठ्याऐंशी साली आपल्याच गोलला झेंडा वर केला आणि आपण खालच्या गटात गेलो, ते?”

“गांधीलमाशी हाकलत होतो मी,” मी म्हटलं.

“जिवंताचं,” ओदील म्हणाली. “दोन्ही जिवंताची.”

“निदान त्या गोलला पास मी दिला असं तरी ठेवा.”

“पास माझ्या नवऱ्याने दिला होता, फिर्मँ. त्याला तरी सोड.”

अशा रीतीने एका संध्याकाळी माझं सगळं कर्तृत्व त्या उपटसुंभाकडे गेलं, ज्याने जन्मात दुधाचा एक कॅन उचलला नव्हता.

सतरा सप्टेंबरला पाटी लागली. बँड वाजला, मॅडमनी कात्री चालवली आणि पंचाने शिट्टी वाजवून एक मिनिट शांतता पाळायला सांगितली. मीही टोपी काढली. खरं सांगतो, गहिवरून आलं. माणूस तसा वाईट नव्हता. शेजारी व्हालमोर्जचा झेंडेवाला उभा होता. शांतता संपल्यावर हळूच म्हणाला, “तुमच्या नात्यातले का?”

“एकाच घरात राहायचो.”

“नावही सारखंच? मग तर फार लागलं असेल तुम्हाला.”

“सवय होतेय,” मी म्हटलं.

सामना आम्ही हरलो, त्याबद्दल पुस्तकात लिहिलंच आहे. नंतर सगळे ओदीलच्या खोपटात जमले आणि मेलेल्याच्या नावाने ग्लास उंचावू लागले. अँसेल्म चाळीस मीटरचा गोल पाहुण्यांना हातवारे करून सांगत होता. गोल झाला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. ऐकता ऐकता मला एकदम हलकं वाटलं. गोल आता माझा नव्हता. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा मला खरं बोलायची मोकळीक मिळाली होती.

“ऐका,” मी म्हटलं. “त्या गोलची खरी हकीकत सांगतो. चाळीस मीटर नाही, सहा मीटर. त्यांच्या गोलसमोर माझी बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकलो होतो. ओदीलच्या नवऱ्याने लांबून बघितलं, सामना चालू असताना हा नाडी बांधतोय. त्याने शिवी हासडून चेंडू लाथेने माझ्यावर भिरकावला. चेंडू माझ्या ढुंगणावर आपटला आणि आत गेला. लोक येऊन मिठ्या मारायला लागले तेव्हा मला कळलं.”

तव्यावर सॉसेज तेवढी तडतडत होती.

“फिर्मँ,” ओदील हळू आवाजात म्हणाली, “गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये.”

“मत्सर, दुसरं काय,” अँसेल्म पाहुण्यांना म्हणाला. “काकांच्या आयुष्यात एक पेनल्टी होती, तीही घड्याळावर गेली. सोडून द्या.” आणि त्याने माझा ग्लास भरला, दुखवट्याच्या घरी भरतात तसा, काठोकाठ.

मी जाऊन फाटकाशी उभा राहिलो. अजून उजेड होता. नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग घरी येऊन इतिहासाचं ते पान पुरं केलं. गोल मी पंचेचाळीस मीटरवरून लिहिला आहे. गेलेल्या माणसाला पाच मीटर जास्त द्यायला माझं काय जातंय.