पाकोळीचे पाय

आपल्या हातून आजवर एकही रुग्ण दगावलेला नाही, असं दादा म्हणाले आणि त्यांनी चिमट्याने पाखराचा पाय अलगद उचलून धरला. पायाला आधार म्हणून कान कोरायच्या काडीचा तुकडा लावून झाला होता. आता त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची होती.

दादांचं म्हणणं खरं होतं. दादा डॉक्टर नव्हते. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांनी उभी हयात काढली होती. निवृत्त होऊन घरी बसल्यावरही इमारतीतले लोक त्यांना डॉक्टरच म्हणत, थोडं आदराने आणि बरंचसं फुकटच्या सल्ल्यासाठी. खरा रुग्ण म्हणावा असा त्यांच्या वाट्याला एकच आला होता, आणि तो या क्षणी समोर स्टुलावर बसून चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होता.

“बेबी, बारीक. याहून बारीक.”

बेबीने आणखी बारीक कापला. बेबी त्यांची धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस.

पाखरू तिलाच सापडलं होतं. सकाळी ती गॅलरीत गेली तेव्हा पायपुसण्यावर पोट टेकून पडलं होतं, लांब काळे पंख दोन्ही बाजूंना विळ्यासारखे पसरून. तिने बोट लावलं तरी उडेना. तिचा अर्धा दिवस गॅलरीतच जायचा. ओझं उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, गर्दीत जायचं नाही, जिना आपल्या पहिल्या मजल्याचा तेवढा, तोही मधे थांबून. गॅलरीला मात्र दादांची परवानगी होती. त्यामुळे समोरच्या पाण्याच्या टाकीखाली घरटी करून राहिलेल्या पाकोळ्या तिला शेजाऱ्यांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या.

“दादा, ही पाकोळी आहे रे.”

“भिंगरी.” दादांनी शेजारून मागून आणलेलं सचित्र पुस्तक कोपराने तिच्याकडे सरकवलं.

“भिंगरीची शेपूट दुभंगलेली असते. हिची कुठाय? आणि हिच्या कमरेवर पांढरा पट्टा आहे.”

“शेपूट झडली असेल. पडल्यावर काय काय होतं.” दादांनी पट्टीचं टोक दाबून बसवलं. “हे बघ, भिंगरी तारेवर बसते. हिला मी पडद्याच्या दांडीवर बसवून पाहिलं, दोनदा खाली आली. म्हणजे पाय गेलेत. आणि पाय बघ केवढे. जन्मापासूनच खुरटलेले दिसतात.”

“पाकोळ्या तारेवर बसतच नाहीत. इतक्या वर्षांत मी एकदाही...”

“तू गॅलरीतून बघतेस,” दादा समजुतीच्या स्वरात म्हणाले. “निदान वेगळं असतं.”

वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, “अहो, पाखरं पायांनी उडतात का?”

“पंखालाही विश्रांती दिली आहेच,” दादा म्हणाले. दिली होती. गॉजची पट्टी पंखावरून पोटाखाली घेऊन पाठीवर गाठ मारली होती. पाखरू आता पार्सलसारखं दिसत होतं.

मग दादा उठले आणि फळीवरची बेबीच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले. एक गोळी काढून त्यांनी चमच्याखाली चुरली.

“धक्का बसलाय तिला. हृदयाला आधार हवा.”

“माझी गोळी? दादा, एवढ्याशा जिवाला?”

“वजनाच्या हिशेबाने देतोय. पाव गोळीसुद्धा नाही.”

“मरेल रे ती.”

“त्या गोळीने काही होत नाही,” वहिनी टॉवेलची घडी घालत म्हणाली. म्हणाली आणि थबकली, आणि अर्ध्या घड्या तशाच टाकून आत निघून गेली.

त्या गोळीचा इतिहास इमारतीत सगळ्यांना पाठ होता. वडील हृदयविकाराने गेले, त्याच वर्षी बेबी शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. रिपोर्ट दादांनी वाचला, घडी घालून कपाटात ठेवला, आणि त्या रात्रीपासून गोळी सुरू झाली. दादा दुकानातून गोळ्या आणत आणि वेष्टनातून काढून बाटलीत भरून ठेवत, बेबीला त्रास नको म्हणून. बेबीचं शिक्षण बाहेरून झालं. लग्नाचा विषय दादांनी हळुवारपणे बंद केला. सख्ख्या बहिणीसाठी इतकं आजकाल कोण करतं, असं लोक म्हणत आणि दादा मान खाली घालून ऐकून घेत.

आणि आता या महिन्यात तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला होता. मैत्रीण दुसऱ्या गावी मुलींचं वसतिगृह चालवत होती. तिला तिथे राहून मुलींकडे बघणारी, शांत डोक्याची बाई हवी होती. स्वतंत्र खोली, खिडकी, पगार. “शनिवारपर्यंत सांग,” ती म्हणाली होती. बेबीने दादांना विचारलं. दादा म्हणाले, “बघू.” मग जरा वेळाने म्हणाले, “इमारत तीन मजली आहे म्हणे.” हे त्यांना कोणी सांगितलं, ते बेबीने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाखराने डोळे मिटून घेतले. दादांनी डोस वाढवायची तयारी केली, तेव्हा बेबी खोका उचलून चपला घालायला लागली.

“कुठे निघालीस?”

“जनावरांच्या डॉक्टरकडे.”

“अगं, मी आहे ना.”

“हो ना,” बेबी म्हणाली. “म्हणूनच.”

आता तिला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. दादांनी शर्ट बदलला.

दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. डॉक्टरीणबाईंनी खोक्याचं झाकण उघडलं आणि खोका दिव्याखाली ओढला.

“हे कोणी बांधलं?”

“मीच,” दादा नम्रपणे म्हणाले.

“का?”

हा प्रश्न दादांना इमारतीत आजवर कोणी विचारला नव्हता. “पाय अधू आहेत तिचे,” ते म्हणाले. “भिंगरी आहे.”

“पाकोळी आहे.” बाई कात्रीने गॉज कापू लागल्या. “हिचे पाय असेच असतात, इवलेसे. भिंतीला लटकण्यापुरते. बाकी जन्म हवेत. चुकून जमिनीवर पडली की बहुतेक वेळा हिला आपली आपण उठता येत नाही. मग कोणीतरी उंचावर नेऊन तळहातावर धरायचं, की जाते. फेकायचं नाही, नुसतं धरायचं.” त्यांनी पंख उलगडून पाहिला, पुन्हा मिटला. “हिला काहीही झालेलं नाही.”

“काहीच नाही?” बेबीने विचारलं.

“भूक लागली असेल. बांधून ठेवली नसती तर कालच गेली असती.” त्यांनी चिकटपट्टी जपून सोडवली. “औषधबिषध नाही ना दिलंत काही?”

दादा भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचू लागले.

“माझी गोळी दिली,” बेबी म्हणाली. “हृदयाची. पाव तुकडा.”

बाईंनी कात्री खाली ठेवली. “कुठली गोळी? नाव सांगा. अहो, तसलं काही पोटात गेलं असेल तर हातावर धरून काय उपयोग, वरून दगडासारखी पडेल. नाव काय गोळीचं?”

बेबीला नाव माहीत नव्हतं. तिने दादांकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. बाहेर बाकावर मांजर घेऊन बसलेल्या माणसानेही बघितलं. एकही रुग्ण न दगावल्याची सगळी कीर्ती त्या टेबलावर पडली होती, आणि ती वाचवायला एकच शब्द पुरेसा होता.

“कॅल्शियम,” दादा म्हणाले.

“काय?”

“कॅल्शियमची आहे. साधी. त्या गोळीने काही होत नाही.”

“मग आधी नाही का सांगायचं,” बाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, “मांजरवाले, या.”

बेबीने खोका उचलला. दादांकडे न बघता तिने बाईंना विचारलं, “वर गच्ची आहे?”

“आहे की. चार मजले चढावे लागतील पण. लिफ्ट बंद आहे.”

“बेबीला जिने चालत नाहीत,” दादा म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग ते बाकावर बसले.

दुसऱ्या मजल्यावर तिला दम लागला. छाती धडधडायला लागली. सवयीने ती पायरीवर टेकली, खोका मांडीवर घेतला आणि जे काय व्हायचं त्याची वाट बघत बसली. काहीच झालं नाही. धडधड आपली आपण थांबली. बसून कंटाळा आला, तेव्हा ती उठली.

गच्चीवर वारा होता. तिने कठड्याबाहेर हात लांब केला. पाकोळी तळहातावर पोट टेकून बसून राहिली. तिचं काळीज बेबीच्या बोटांना लागत होतं. मग अंगभर थरथर आली आणि ती हातावरून खाली घसरली, थेट, कठड्याच्या खाली. बेबीने डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर दहाबारा पाकोळ्या चिरकत घिरट्या घालत होत्या. त्यातली आपली कुठली, ते तिला सांगता येईना. आभार मानायला कोणी थांबलं नाही.

तिने तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. उद्याचा शनिवार यायचा होता.

“मी येते,” ती म्हणाली. दम अजून पुरता बसला नव्हता.

“अगं बेबी,” मैत्रीण म्हणाली. “तुझ्या दादांनी सोमवारीच कळवलं ना. तब्येतीचं सगळं सांगितलं. मला इतकं वाईट वाटलं. आम्ही दुसऱ्या बाई घेतल्या, त्या रुजूही झाल्या.” मग आवाज मऊ करून म्हणाली, “धापा टाकतेयस का तू? उगाच जिनेबिने चढू नकोस हं.”

खाली दादा दारात उभे होते. “उडाली?”

“उडाली.”

परतीच्या रिक्षात दादा ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होते. मग म्हणाले, “बाबा गेल्यावर आई रात्रभर तुझ्या उशाशी बसून तुझे श्वास ऐकायची. गोळी सुरू केली तशी ती झोपायला लागली. मग तुलाही बरं वाटायला लागलं. बंद कधी करायची, ते मग राहूनच गेलं.”

“आणि सोमवारचा फोन?”

दादांनी खिशातला रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली.

“तीन मजले होते, बेबी.”

फाटकाशी तळमजल्यावरचे काका भेटले. “काय डॉक्टर, पाखराचं काय झालं?”

“बरं झालं. उडालं.”

“हाताला गुणच आहे तुमच्या,” काका म्हणाले. बेबी पहिल्या मजल्याचा जिना न थांबता चढून गेली.

जेवणं झाल्यावर दादांनी नेहमीप्रमाणे पाण्याचा पेला आणि बाटली तिच्यासमोर आणून ठेवली. दुसरं काय करायचं, ते त्यांना सुचलं नसावं. वहिनी पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

बेबीने बाटली उजेडाकडे धरून बघितली. मग एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. या वयात बायकांना कॅल्शियम लागतंच.