नसलेल्या भांडणाचा अर्ज

आमच्या गावात खऱ्या भांडणांना तोटा नव्हता. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष उकंडराव यांचंच सख्ख्या भावाशी बांधावरून चौदा वर्षं कोर्टात चालू होतं. ते मिटवायचं नाव काढलं की त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. भांडण मिटवायचं ते दुसऱ्याचं, आणि तेही बिनत्रासाचं, एवढीच त्यांची समाजसेवा.

दोन हजार आठ साल होतं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडचं आमचं गाव सरकारच्या तंटामुक्त गाव मोहिमेत उतरलं होतं. मिटवलेल्या तंट्यांना गुण होते, आणि गुणांवर बक्षीस. शेजारच्या गावानं एकतीस तंटे दाखवले अशी बातमी आली. आमच्या रजिस्टरात अकरा, त्यातले दोन नवराबायकोचे. उकंडराव तडक माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं, म्हणून लिहिण्याच्या कामाला समितीनं मला धरलं होतं. मलाही ते आवडायचं. नोकरी सुटल्यापासून कुणी काही विचारत नव्हतं, आता लोक अर्ज घेऊन दारात यायचे.

"गुरुजी, भांडणं कमी पडून राहिली," उकंडराव म्हणाले.

"मग जोर लावा म्हणून दवंडी देऊ का?"

"थट्टा नका करू. ज्यायचं चांगलं जमतं, अशा दोघायचं एक लिवा. लगेच मिटतंय. कोनाला तकलीफ न्हाई."

ज्याला ताप नाही त्याला औषध पाजायचं आणि बरा केला म्हणून मिरवायचं, असली ही युक्ती. तिला मूर्खपणा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. मी विचारलं, "कोणाचं लिहू?"

त्यांनी किसनराव आणि रखमाजी ही नावं काढली. किसनराव पंधरा एकरांचा शेतकरी, रखमाजी मेंढरं वळणारा, भिंतीला भिंत लागून घरं. रखमाजी दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडायचा तो मृगापर्यंत परतत नसे. लहान कोकरं आणि व्यायला झालेल्या मेंढ्या त्याची बायको चांगुणाबाई घरी सांभाळायची. दोन घरांमधल्या बोळात त्यांच्यासाठी पत्र्याचं शेड होतं. त्याचे वासे किसनरावाच्या भिंतीत बसवलेले, आणि भिंतीला भोकं किसनरावानंच पाडून दिलेली. बदल्यात लेंडीखत त्याच्या शेतात जायचं, निघण्याआधी चार रात्री मेंढरं त्याच्याच रानात बसायची. वीस वर्षं दोघांत एक वाकडा शब्द झाला नव्हता.

तो वाकडा शब्द मी पुरवला. अर्ज किसनरावाच्या नावे लिहिला. रखमाजीनं गावठाणात अनधिकृत शेड उभारलं आहे, अर्जदाराच्या जागेत चार फूट अतिक्रमण केलं आहे, विनापरवानगी भिंतीचा आधार घेतला आहे, दुर्गंधीमुळे कुटुंबाच्या आरोग्यास धोका आहे. चार फूट कुठून आले? माझ्या पेनातून. तीन फूट कमी वाटले, पाच जास्त. नमुना आठला, म्हणजे पंचायतीच्या घरांच्या नोंदीला, जागा लावून पाहायची म्हटलं तर निम्मं गाव अनधिकृत निघालं असतं, पहिल्यांदा उकंडरावांचा ओटा.

रखमाजी कळपामागं बाहेर होता, म्हणून चांगुणाबाईला सांगितलं की गावाच्या कामासाठी एका कागदावर अंगठा पाहिजे. तिनं भाकरीचं पीठ पुसून अंगठा दिला. "गावाचं हाय तर घ्या की," एवढंच म्हणाली.

शनिवारी मारुतीच्या पारावर समिती बसली. मी अर्ज वाचला. खणखणीत वाचला, माझा आवाज अजून शाबूत आहे. दुर्गंधीच्या वाक्याला मागची पोरं हसली. चांगुणाबाईनं पदर सावरला आणि किसनरावाकडं पाहिलं.

"किसनभाऊ, वास येतो व्हय तुमाला? मंग इतकी सालं बोलले काहून न्हाई?"

किसनरावानं मान खाली घातली. "लिवायपुरतं हाय, वैनी," एवढं तो म्हणू शकला असता. पण उकंडरावांनी त्याला गप्प बसायला सांगितलं होतं, आणि मोठ्या माणसानं गप्प बस म्हटलं की आमच्या गावात शहाणपणही गप्प बसतं. तिच्या त्या अंगठ्यावर तडजोड नोंदवली: रखमाजीतर्फे चूक मान्य, शेड काढून घेणार, उभयतांत सलोखा. टाळ्या वाजल्या.

एवढ्यावर थांबलं असतं. पण मूल्यमापनाची जीप येणार असं कळलं आणि उकंडरावांना घाम फुटला. कागदावर शेड हटवलेलं, बोळात मात्र उभं. "चार दिवसांसाठी काढा, वैनी. जीप गेली की मीच मानसं लावून बांधून देतो," त्यांनी शब्द दिला. चांगुणाबाईनं शेड स्वतः उतरवलं. पत्रे एकावर एक रचले, खिळे डब्यात भरून ठेवले. जीप आली, साहेबांनी मोकळा बोळ पाहिला, चहा घेतला आणि नाक्यावरच्या धाब्यावर जेवायला गेले.

पाचव्या दिवशी ती वासे घेऊन भिंतीपाशी गेली, तर भोकं सिमेंटनं बुजवलेली. किसनरावाचा पोरगा वैजनाथ टेप घेऊन बोळ मोजत होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याला तिथं न्हाणीघर बांधायचं होतं.

"काकी, चार फूट आमचे हायेत. तुमीच अंगठा दिला."

"आरं, त्यो खोटा व्हता. तुज्या बापाला इचार."

किसनराव दारातच उभा होता. खोटं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण वीस वर्षांत न सुचलेली गोष्ट त्याला एका अर्जानं शिकवली होती. "आता कागद झाला ना, वैनी," तो म्हणाला आणि आत गेला. चांगला माणूस होता, अशी मी त्याची बाजू पुष्कळ दिवस घेत होतो. चांगुलपणाला फुकटच्या चार फुटांचा मोह आवरत नसेल, तर तो असला काय, नसला काय.

कोकरं उघड्यावर आली. चांगुणाबाईनं काट्याचं कुंपण केलं, पण आठवड्यात कुत्र्यांनी तीन कोकरं फाडली. सकाळी मी पंचायतीत रजिस्टर लिहीत बसलो होतो, तेव्हा ती रक्ताळलेलं पोतं घेऊन आली आणि उकंडरावांपुढे टेकवलं.

"लिवून घ्या. आता खरं भांडन हाय."

उकंडराव जागचे उठले. "वैनी, मोहिमेचा निकाल लागला. गाव तंटामुक्त झालं. आता तंटा नोंदवता येत न्हाई, बक्षीस जातंय गावाचं."

"मंग मी कुठं जाऊ?"

"सबुरीनं घ्या की जरा. रखमाजी येऊ द्या."

ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, तुमी लिवा. तहसीलात देते. त्यो अर्ज खोटा व्हता, तुमी बसून लिवला, असं लिवा."

रविवारी सत्काराचा कार्यक्रम होता. शाल, नारळ, आणि पत्रिकेत माझं नाव तिसरं. पेन खिशातच होतं. मी म्हणालो, "कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग बघू."

"खोटं लिवाया तुमाला येक सांज पुरली," ती म्हणाली. पोतं उचललं आणि गेली.

रविवारी मी शाल घेतली. उकंडरावांनी सलोख्यावर अर्धा तास भाषण केलं, त्यांचा सख्खा भाऊ मांडवाच्या बाहेर उभा राहून ऐकत होता. सोमवारी चांगुणाबाई येईल म्हणून मी कोरा कागद काढून ठेवला होता. ती आली नाही. तिच्या दारी जायला शंभर पावलं होती, मीही गेलो नाही. भीती वाटली, असं सरळ सांगतो. हातानं लिहिलेलं त्याच हातानं खोडायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मृगाला रखमाजी परतला. त्यानं कुणाला जाब विचारला नाही. दोन दिवसांनी बैलगाडीत पत्रे, वासे आणि भांडीकुंडी भरली, आणि बिऱ्हाड चांगुणाबाईच्या माहेरी, गोरेगावकडं निघालं. गाडी माझ्या ओट्यासमोरून गेली. चांगुणाबाई एक कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. मी "वैनी" म्हणून हाक मारली. तिनं ऐकलं, पण मान वळवली नाही.

जाताना त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही, म्हणून त्यांच्या जाण्याची नोंद आमच्या रजिस्टरात कुठंच नाही.