वरच्या मजल्यावर गेलेला वास

थंडी सरून उन्हं लांबायला लागली की आजोबांच्या घरात वर्षाची साफसफाई निघे. दरवर्षी तिची सूत्रं सूनबाईंच्या हातात असत. यंदा ती नातीने घेतली. नात रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी परतली होती. काहीही करायचं तर आधी मोजायचं ही तिची खोड, म्हणून आजोबा तिला मोजपट्टी म्हणत. आजोबांनी स्वतः एकेचाळीस वर्षं औषधांच्या दुकानात कंपाउंडर म्हणून काढली होती, त्यामुळे मोजामापाची खोड कुठून आली हे कोणाला विचारावं लागत नव्हतं.

सूत्रं घेण्यामागे कारण होतं. गेल्या वर्षी सूनबाईंनी संडासात ॲसिड ओतलं, त्यावर आणखी चकाकी यावी म्हणून ब्लीच ओतलं, दार लावून घेतलं आणि मग आठवडाभर खोकत राहिल्या.

"आई, तू त्या दिवशी क्लोरीन वायू तयार केलास," मोजपट्टी म्हणाली. "तोही दार लावून."

"मला काय ठाऊक. दोन्ही बाटल्यांवर चमकणाऱ्या फरशीचं चित्र होतं."

तर यंदा व्हिनेगर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबं आणि जुन्या बनियनांची फडकी एवढ्यावर घर स्वच्छ होणार होतं. नळांवरच्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. शेगडीच्या तेलकटपणाला धुण्याचा सोडा, गरम पाण्यात. खिडकीच्या संगमरवरी कट्ट्याला मात्र व्हिनेगरचा थेंबही लावायचा नाही, दगड खाल्ला जातो. सूनबाईंनी सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढला, तेव्हा मोजपट्टीने त्यांच्या हातातून भांडं काढून घेतलं. "यांनी एकमेकांचा जोर मारला, आई. उरलं ते खारट पाणी. सफाई झाली ती फक्त बघणाऱ्याच्या मनात."

चार दिवसांत पडदे धुतले, पायपुसणी धुतली, खोल्यांमधल्या बोळातला गालिचा गच्चीत वाळत पडला, कपाटांतल्या डांबरगोळ्या बाहेर आल्या. गुरुवारी प्रश्न उरला तो जुन्या बाटल्यांचा. फिनेल, टर्पेंटाइन घातलेलं लाकडाचं पॉलिश, पावशेर डांबरगोळ्या.

"मोरीत ओत," सूनबाई म्हणाल्या.

"म्हणजे नदीत ओत. चांगलं आहे."

शेवटी टोपलीत भरून मोजपट्टीने ते सगळं वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना नेऊन दिलं. त्यांचीही सफाई चालू होती. "फुकट मिळतंय तर मी फिनेलने वाफसुद्धा घेईन," त्या म्हणाल्या, आणि टोपलीसकट ठेवून घेतलं.

आजोबांचं या सगळ्यात लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात रविवार होता. रविवारी थोरला मुलगा यायचा होता. गेल्या महिन्यात आजोबांनी दूध तापवलं आणि शेगडी बारीक आचेवर तशीच चालू राहिली, तेव्हापासून थोरल्याने धरून ठेवलं होतं की बाबा विसरायला लागले. त्याच्या शहरात वृद्धांसाठी एक निवास होता. अर्ज भरून तयार होता. धाकटा मुलगा आणि सूनबाई दिवसभर कामावर, मोजपट्टीलाही आज ना उद्या नोकरी लागणार, मग बाबांकडे बघणार कोण, हा त्याचा सवाल. रविवारी येऊन, बाबांशी बोलून, त्यांची हालचाल डोळ्यांनी बघून तो ठरवणार होता.

"तिथे नर्स असते, बाग असते," तो फोनवर म्हणाला होता.

"बागेशी मी काय बोलू?" आजोबा म्हणाले होते.

शुक्रवारी सकाळी आजोबा खुर्चीतून उठले, बोळात गेले, बाथरूमचं दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं. समोर वॉशबेसिन नव्हतं. हात पुढे केला तर हाताला सुटकेसची मूठ लागली. ती सामानाची खोली होती.

"काय हवंय बाबा?" सूनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. सुटकेस आहे का बघत होतो."

"कुठे जायचंय?"

याचं उत्तर देण्यापेक्षा आजोबांनी दार लावून घेणं पसंत केलं. शेजारचं दार उघडलं, तर हाताला पलंगाची कड लागली. धाकट्याची खोली. बोळात फक्त चार दारं होती. सत्तावीस वर्षं ते या बोळातून जात होते आणि आजवर कधी दार शोधावं लागलं नव्हतं. दार आपोआप सापडत असे. आज चारही दारं एकमेकांची भावंडं असल्यासारखी गप्प उभी होती.

दुपारी पुन्हा तेच झालं. संध्याकाळी तिसऱ्यांदा, आणि या वेळी मोजपट्टी बोळाच्या टोकाशी उभी राहून बघत होती. तिने बघितलं हेच आजोबांना जास्त लागलं.

ते खोलीत जाऊन बसले आणि स्वतःची परीक्षा घेऊ लागले. सतराचा पाढा म्हणून बघितला. आला. दुकानाच्या तिन्ही मालकांची नावं क्रमाने, आणि त्यांच्या बायकांचीही. खोकल्याच्या औषधाची जुनी कृती, थेंबाथेंबासकट. सगळं जागच्या जागी होतं. मग डोकं शाबूत असताना घर कसं हललं? का डोकं जाताना असंच जातं, आधी दारं नेतं आणि पाढे शेवटाला ठेवतं? एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं त्यांना आठवलं. औषधाचं नाव अचूक सांगायचा आणि घरी जायचा रस्ता विचारायचा. दुकानातली पोरं हसत. आजोबाही एकदा हसले होते. त्यांनी खिडकीकडे बघितलं. पडदे नव्हते म्हणून की काय, सगळं दुधात बुडाल्यासारखं पांढरं दिसत होतं. हल्लीचे बल्बही मेले मंद. धाकट्याने तीन वेळा बदलून दिले तरी तेच.

शनिवारी सकाळी ते नेहमीसारखे कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन आले. उन्हात बसून बरं वाटलं होतं. जिन्याचा कठडा धरून वर चढले, पहिल्या मजल्यावर पोचले आणि थबकले. आपलं घर पहिल्या मजल्यावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण समोरच्या दारातून काहीच येत नव्हतं. किंचित आंबूस काहीतरी, बस. हे कोणाचं घर? पायऱ्या मोजण्यात चूक झाली असेल. कदाचित अजून एक मजला बाकी असेल. ते चढत गेले.

आणि मग आलंच. फिनेल, त्यामागे डांबरगोळ्या, त्याही मागे लाकडाचं पॉलिश. दार उघडंच होतं. छातीवरचा दगड उतरला. आत पाच पावलं, मग डावीकडे, मग खिडकीजवळची खुर्ची. सगळं बरोबर होतं. आजोबा बसले, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि म्हणाले, "मोजपट्टे, चहा टाक गं."

शिलाई मशीन चालू होतं ते थांबलं. घरात मशीन कधी आणलं, हे त्यांना कळेना.

"टाकते की आजोबा," शिंपीणबाईंचा आवाज आला. "पण दूध माझं, कप माझे, आणि बसलात ती खुर्चीही माझीच."

आजोबांना वाटलं, बाई कपडे द्यायला आल्या असतील. "तुम्ही इथे कशा?"

"मी राहते इथे. एकोणीस वर्षं झाली."

आजोबा खुर्चीचे हात धरून बसून राहिले. हात लाकडाचे होते. त्यांच्या खुर्चीला कापड होतं.

शिंपीणबाईंनी खाली फोन केला. "अगं, तुझे आजोबा माझ्याकडे राहायला आलेत. मोजेसुद्धा काढून झालेत." मग चेष्टा जरा जास्त झाली असं वाटून त्या खरंच चहा टाकायला गेल्या.

मोजपट्टी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. धापा टाकत होती.

"थोरल्याला सांगू नकोस," आजोबा म्हणाले.

तिने बुटातले मोजे काढून त्यांच्या हातात दिले.

"उद्या मी नीट वागेन. खुर्चीतून उठणारच नाही."

"आजोबा, वर का चढलात?"

"आपलं घर म्हणून."

"पण खालचं दार ओलांडून आलात ना? तिथे काय वाटलं?"

"तिथे काहीच नव्हतं. इथे आपला वास आला."

मोजपट्टी उठली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. "काय केलं मी हे," ती स्वतःशीच म्हणाली. "एक गोष्ट बदलायची आणि मग बघायचं, हे पहिल्या वर्षी शिकवतात. मी फिनेल काढलं, गोळ्या काढल्या, पॉलिश काढलं, गालिचा काढला, सगळं एका आठवड्यात. आणि टोपलीत घालून इथे आणून ठेवलं. आजोबा, थांबा हं."

तिने टोपलीतल्या बाटल्या आणल्या. झाकणं उघडून एकेक त्यांच्या नाकाखाली धरली. आजोबांना हा पोरखेळ वाटला, पण दुकानातली सवय. "फिनेल. हे पॉलिश, झाकण सैल राहिलंय, अर्धं टर्पेंटाइन उडालं. ह्या गोळ्या. हे काय, हे आपलं नाही. शिवणाच्या मशीनचं तेल."

"अगदी बरोबर," शिंपीणबाई कप घेऊन आल्या होत्या. "मशीनचंच."

"आता ही बाटली," मोजपट्टी म्हणाली. "झाकण घट्ट आहे. वरचं नाव वाचा."

आजोबांनी बाटली दूर धरली, मग जवळ. "चष्मा खाली राहिला."

"चष्मा नाकावर आहे."

"मग उजेड कमी आहे."

"आपण खिडकीत बसलोय. ऊन आहे, आजोबा. माझा स्वेटर कोणत्या रंगाचा?"

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. दुधात बुडालेली मुलगी. चेहरा त्यांना माहीत होता, म्हणून तो दिसत होता. स्वेटर माहीत नव्हता.

"राखाडी," त्यांनी अंदाज ठोकला.

शिंपीणबाईंनी कप हळूच ठेवला. स्वेटर पिवळाजर्द होता.

मोजपट्टीने फोनचा दिवा लावून दोन्ही डोळ्यांत पाहिलं. "मी डॉक्टर नाही. पण दोन्ही बाहुल्यांमध्ये ढग आहे. मोतीबिंदू असणार, आणि बराच वाढलेला. तुम्हाला कळलं नाही?"

कळलं नव्हतं, हे खरं होतं. रोज चिमूटभर अंधार वाढला तर तो कोणाला कळणार? पेपर ती वाचून दाखवायची, तेही ते म्हणायचे तुझेच उच्चार सुधारावेत म्हणून, आणि खरंच तसं मानायचे. बाथरूम फिनेलचं, सामानाची खोली डांबरगोळ्यांची, धाकट्याची खोली पॉलिशची, आणि स्वतःची खोली गालिच्याच्या टोकाची. त्यांना वाटायचं आपण बघून चालतो. मग शेगडीची ती आच? बारीक निळी आच त्यांना दिसलीच नव्हती, शेगडी बंद केली असंच वाटलं होतं. दूध तापल्याचं मात्र नाकाने कळलं होतं. म्हणजे विसरलो नव्हतो. हे चांगलं म्हणायचं की वाईट?

"मोठ्या काकांना सांगायला हवं," मोजपट्टी म्हणाली.

"दिसत नाही म्हटल्यावर तो उद्याच नेईल."

"न सांगितलं तर डोकं गेलं म्हणून नेतील. डोळ्यांचं ऑपरेशन होतं, आजोबा. डोक्याचं होत नाही."

आजोबांनी चहा संपवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं कर ना. या बाटल्या परत खाली ने. एका दिवसापुरत्या. गालिचा अंथर. उद्या मी त्याच्यासमोर चारही दारं धडाधड उघडून दाखवतो. त्याला शंकाही येणार नाही."

शिंपीणबाई हसल्या नाहीत. मोजपट्टीने बाटल्या टोपलीत भरायला घेतल्या. हे जमणार होतं, हे तिलाही दिसत होतं.

"नेते," ती शेवटी म्हणाली. "पण झाकण मी उघडणार नाही."

रविवारी दुपारी बाटल्या जेवणाच्या टेबलावर ओळीने ठेवलेल्या होत्या, झाकणं घट्ट. सूनबाईंनी दोनदा विचारलं, हे परत का आलं, आणि मोजपट्टीने दोनदा सांगितलं, आजोबांना विचार. घर आंबूस आणि मोकळं होतं. आजोबांनी फिनेलची बाटली हातात घेतली. झाकणाला अंगठा लावला. नुसतं एक वळण. बाथरूमच्या दाराशी दोन थेंब, दुसऱ्या दाराशी पॉलिशचं एक बोट. एकेचाळीस वर्षं त्यांनी कधी कोणाला चुकीची बाटली दिली नव्हती, आणि चुकीचं नाव लिहून तर कधीच नाही.

बेल वाजली.

"मी उघडतो," आजोबा म्हणाले. बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, झाकण होतं तसंच. भिंतीला हात लावत, न लपवता, ते दारापर्यंत गेले. पहिला हात कपाटावर आपटला. दुसऱ्याला कडी सापडली.

दारात उंच काहीतरी धूसर उभं होतं, आणि पुदिन्याच्या गोळीचा वास. थोरला लहानपणापासून प्रवासात ती गोळी चघळायचा. ये रे, म्हणायला तेवढा वास पुरेसा होता. आजवर पुरत आला होता.

"कोण आहे?" आजोबा म्हणाले.

"बाबा?" थोरल्याने हातातली फाईल दुसऱ्या हातात घेतली असावी, कागद सरकल्याचा आवाज आला. "मला ओळखलं नाहीत?"

"ओळखलं. गोळीवरून. पण मला दिसत नाही. डोकं ठीक आहे, सतराचा पाढा म्हणून दाखवतो हवा तर. डोळे गेलेत."

थोरला उंबऱ्यातच उभा राहिला. फाईल उघडायचं की बूट काढायचे हे त्याला कळत नसावं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

आजोबांनी विचार केला. अचूक सांगायला हवं होतं. आत मोजपट्टी ऐकत होती.

"ते डॉक्टर सांगेल," ते म्हणाले. "मला काल कळलं."