दहावी टाचणी

ओव्हनचं दार लावलं, हात पुसले आणि सवयीने शर्टाच्या पट्टीवर बोट फिरवलं. टाचण्या नऊ होत्या.

मी टेलर आहे. कापड मापाला लावताना लागतात म्हणून छातीशी डाव्या बाजूला दहा टाचण्या खोचलेल्या असतात. सकाळी दहा, संध्याकाळी दहा, चाळीस वर्षं. बायको म्हणायची, "माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतंत तर मी चार किलोंनी वाढले असते." तिला जाऊन अडीच महिने झाले.

परत मोजल्या. नऊच. फरशी पाहिली, ओटा पाहिला, गाजराच्या सालांत हात घालून पाहिला. मग आठवलं. मासा कुस्करताना काटे नीट दिसावेत म्हणून मी वाडग्यावर ओणवा झालो होतो. छाती जवळजवळ आत टेकत होती.

आणि वाडग्यातलं सगळं आठ टिक्क्या होऊन ओव्हनमध्ये गेलं होतं.

बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या आणि शेजारी माझी मेव्हणी. तिच्या पायाशी सासूबाईंचे कपडे भरलेली बॅग. मुलगी गेल्यापासून सासूबाईंनी अन्न टाकलं होतं. चहा-बिस्किट, फार तर दोन घास भात. मागच्या रविवारी मेव्हणी म्हणाली, "भावोजी, आठ दिवस बघते. नाही जेवली तर तिला घेऊन जाते." तिचं काही चूक नव्हतं. पण सासूबाई बारा वर्षं आमच्याकडे होत्या. त्या गेल्या की घरात शिलाई मशीन आणि मी. बायकोचं नाव काढायला दुसरं कोणी नाही.

शुक्रवारी त्या आपणहून म्हणाल्या, "ती माशाच्या टिक्क्या करायची ना, भाजलेल्या. त्या खाईन बहुतेक."

डॉक्टरांनी त्यांचं तेल बंद केलंय, म्हणून बायको टिक्क्या तळत नसे. वाफवलेला मासा, बांधायला लागेल एवढाच बटाटा, बारीक चिरलेली गाजरं आणि फरसबी, वरून तेलाचा नुसता हात. मशीनवर बसून मी हे शंभर वेळा बघितलं होतं. उठून मदत एकदाही केली नव्हती.

"झालं का भावोजी?" मेव्हणी दारात आली.

"झालंच."

"टेलरचं 'झालंच' मला माहीत आहे. माझ्या लग्नाचे कपडे मी घराबाहेर पडत होते तेव्हा तुम्ही हातात दिलेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई टेबलाशी येऊन बसलीय. स्वतःहून."

ती गेली. ओव्हनची दहा मिनिटं उरली होती.

टाचणीचं सांगावं, तर ती बॅग उचलणार. टिक्क्या बिघडल्या म्हणावं, तर सासूबाई पुन्हा काही मागतील याची खात्री नाही. गप्प बसावं, तर आठांतली एक त्या खाणार. टाचणी कदाचित मासे आणायला गेलो तेव्हा रस्त्यात पडली असेल, असंही मनात आलं. मी स्वतःला ते पटवायला लागलो होतो, म्हणून लिहून ठेवतो.

टिक्क्या बाहेर काढल्या. रंग बरा आला होता. ड्रॉवरमधून लोहचुंबक आणलं, खाली सांडलेल्या टाचण्या मी त्याने गोळा करतो. आठही टिक्क्यांवरून हळू फिरवलं. काही नाही. तिथे थांबता आलं असतं. पण टिक्की जाड होती आणि टाचणी बारीक.

पहिली फोडली, कुस्करून ताटलीत पातळ पसरली, चुंबक फिरवलं. मग दुसरी. तिसरी. बोटं भाजत होती. चौथीवर मेव्हणी परत आली.

"हे काय करताय?"

"टाचणी पडलीय. यातच कुठेतरी."

ती पुढे येऊन ताटलीवर वाकली. "आईच्या घशात गेली असती."

"म्हणूनच फोडतोय."

"मी तुम्हाला दोष देत नाही भावोजी. पण तुम्हाला हे झेपणार नाही." ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, ऊठ. आपण निघू."

पाचवी. सहावी. सातवी पसरली आणि चुंबकाला टक्कन काहीतरी लागलं. टाचणीच्या टोकाला गाजराचा कण होता.

मी ती ओट्यावर ठेवली आणि आठवी फोडायला घेतली.

"सापडली ना?" सासूबाई भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

"सापडली, आई."

"मग आता कशाला फोडताय?"

"सकाळी मोजण्यात चुकलो असेन तर."

त्या आठवी होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. त्यात काही निघालं नाही. मग म्हणाल्या, "आणा इकडे."

"आई, ते खाऊ नकोस," मेव्हणी म्हणाली. बॅग तिच्या हातात होती.

सासूबाई टेबलाशी बसल्या. कुस्करलेला मासा पुढ्यात ओढून बोटांनी चाचपत राहिल्या. डोळ्यांना फारसं दिसत नाही, बोटांना दिसतं. एक काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला. थोड्या वेळाने दुसरा.

"हे चुंबकाला लागत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझी पोर एकही ठेवत नसे."

"हो."

"पुढच्या वेळी काटे मी काढीन. तुम्ही भाज्या चिरा. आणि तो शर्ट उतरवून स्वयंपाकघरात यायचं."

पहिला घास त्यांनी बराच वेळ चघळला. मी मशीनच्या स्टुलावर बसलो. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला त्यांनी लेकीकडे मान वळवली.

"बस ना. की टाचणी काढली म्हणून चव गेली?"

मेव्हणी बसली नाही. "बॅगेचं काय करू?" एवढंच तिने विचारलं.

"त्यातला माझा स्वेटर तेवढा बाहेर काढ," सासूबाई म्हणाल्या. "इथे रात्री गार होतं."