रोपांना लागलेला विटाळ

सासू गेल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात खरबुजांची रोपं करायचं काम तुळजाबाईवर आलं. गोदावरीचं पाणी ओसरून वाळवंट उघडं पडलं, की काठावरची माणसं तिथं खरबुजांच्या वाड्या लावत. यंदाही तहसिलातून वाळवंटाचा पट्टा तिच्या सासऱ्यांच्या, सुंदररावांच्याच नावानं झाला होता. पौषातल्या थंडीत वाळूत टाकलेलं बी रुजायला फार वेळ घेई, म्हणून सुंदररावांच्या घरी ते आधी परसात, पळसाच्या पानांच्या द्रोणांत रुजवत आणि रोप सावरलं की द्रोणासकट वाळूतल्या आळ्यात ठेवत. अशानं त्यांचं खरबूज गेवराईच्या बाजारात सगळ्यांच्या आधी पोचे. म्हाताऱ्याला त्याचा मोठा तोरा होता.

सगळी मदार द्रोणातल्या मातीवर. सासूबाई नदीचा मऊ गाळ आणायच्या, त्यात थोडी वाळू मिसळायच्या, आणि मळ्यातल्या खड्ड्यातलं मेंढ्यांचं लेंडीखत, दोन पावसाळे मुरलेलं, चाळून घालायच्या. तुळजाबाईनं हे लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. पण मळा लांब, खड्डा खोल, आणि परसातला उकिरडा हाताशी. त्यातलं शेण काळंभोर दिसत होतं. तिला वाटलं, हेच घातलं आणि जरा जास्तच घातलं, तर सासूबाईंपेक्षाही तरारून येतील रोपं. लोक म्हणतील, थोरल्या सुनेच्या हाताला गुण आहे.

धाकटी जाऊ मंजुळा खत चाळायला बसली होती. चकलांब्याची पोर, घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. तिनं ढिगात हात घातला आणि तसाच ठेवला.

"आक्का, ह्याला आजून ऊब हाय. मुरलं न्हाई हे."

"तुज्या माहेरी नदी तरी हाय का गं?" तुळजाबाई म्हणाली. "चाळ गुमान."

मंजुळानं चाळलं.

बी छान उगवलं. दोन दोन पानं हिरवीगार वर आली तेव्हा सुंदरराव स्वतः परसात येऊन पाहून गेले. मग पानांच्या कडा करपायला लागल्या. देठ जमिनीपाशी दोऱ्यासारखे बारीक झाले आणि एका सकाळी निम्मी रोपं आडवी पडलेली दिसली. दोन दिवसांत उरलेली गेली.

त्या दुपारी पुरुषमाणसं ओसरीवर जेवायला बसली होती. सुंदरराव आणि तुळजाबाईचा नवरा शहादेव; धाकटा दीर, मंजुळाचा नवरा गहिनीनाथ, दावं हातात घेऊन अजून उभाच होता. सुंदररावांनी घासही उचलला नाही.

"तुजी आई असताना एक रोप मरत नव्हतं," ते शहादेवाला म्हणाले, पण आवाज आत ऐकू जाईल असाच होता. "कुनाच्या हातात दिलं आपन हे काम? इचार बायकोला."

चुलीपाशी बसलेल्या तुळजाबाईनं ते ऐकलं. आता नवरा आत येणार, विचारणार, आणि मळ्यातलं खत का आणलं नाही हे सांगावं लागणार. मंजुळा समोर भाकरी थापत होती. तुळजाबाईच्या तोंडून शब्द बाहेर पडले, आणि ओसरीवर जावेत एवढ्या मोठ्यानं पडले.

"ह्या महिन्यात तू बाहेर बसलीच न्हाईस, मंजुळा. कावळा शिवलेला लपवलास, अन् तशीच हिंडलीस की गं रोपांमदून!"

मंजुळाचे हात पिठात थांबले. ती आधी लाल झाली, मग पांढरी पडली. तिनं दाराकडे पाहिलं. दारापलीकडे सासरा, थोरला दीर. त्यांच्या कानावर ती काय घालणार होती? "आक्का!" एवढंच ती म्हणाली.

आणि त्याच क्षणी तुळजाबाईला कळलं होतं. नवी सून महिना उलटून बाहेर बसत नाही, याचा अर्थ कुठल्याही घरात एकच होतो, आणि त्या घरात साखर वाटतात. तो अर्थ तिच्या मनाला शिवून गेला, आणि तिनं तो तसाच जाऊ दिला. कारण ओसरीवर सुंदरराव म्हणत होते, "असं हाय तर!" आणि आता ते तिच्यावर रागावलेले नव्हते.

त्याच दिवशी मंजुळाला गाडीत बसवून माहेरी धाडलं. गहिनीनाथानं बैल जुंपले, कुणाकडे बघितलं नाही. तुळजाबाईनं परसात गोमूत्र शिंपडलं. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या, त्यांना तिनं मंजुळानं विटाळ लपवल्याचं सांगितलंही. सांगताना आवाज कापला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं.

बी पुन्हा टाकायचं होतं. कालवलेली माती बरीच उरली होती, ती तिनं नव्या द्रोणांत भरली. शेवटच्या काही द्रोणांना ती पुरली नाही, तेव्हा त्यांत नुसता नदीचा गाळ आणि वाळू घालून बी लावलं. पुन्हा उगवलं, पुन्हा कडा करपल्या, पुन्हा माना पडल्या. फक्त कडेचे ते गाळाचे द्रोण तेवढे हिरवे होते. रोपं बारीक होती, पण ताठ होती.

तुळजाबाई उकिरड्यापाशी गेली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आतलं शेण तापलेल्या तव्याशेजारच्या भिंतीसारखं ऊन होतं. मेलेलं एक रोप तिनं उपटून पाहिलं; मूळ तांबडं पडून जळालं होतं. घरात तर आता मंजुळा नव्हती.

ओसरीवर सुंदरराव शहादेवाला सांगत होते, "विटाळ आजून गेला न्हाई घरातून. त्या पोरीला आता आनायचीच न्हाई. गहिन्याचं दुसरं बघू."

गप्प बसली असती तरी चाललं असतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी त्या कडेच्या द्रोणांकडे नीट बघितलंही नव्हतं. तुळजाबाई पदर पुढं ओढून दारात आली. लग्न झाल्यापासून सासऱ्यासमोर ती कधी उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली नव्हती. आज उंबरा ओलांडला.

"मामंजी, विटाळ न्हाई कुनाचा. खत कच्चं हुतं. म्या घातलं. ती न्हाई म्हनली हुती."

शहादेव उभा राहिला. सुंदररावांनी त्याला हातानं थांबवलं. "मंग त्या दिशी कावून बोललीस तसं?"

"तुमी मला बोलताल म्हनून," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं ना शिवी दिली, ना आवाज चढवला. "गाडी जुंप," एवढंच तो गहिनीनाथाला म्हणाला. "हिला घेऊन जा. हिनं घालवली, तर हिनंच आनावी."

चकलांब्याच्या वाटेवर निम्मं अंतर मागं पडलं. मग गहिनीनाथ बैलांकडे बघतच म्हणाला, "मला ठावं हुतं, वैनी. दिवस गेल्यालं. तिनं मला सांगितलं हुतं."

"मंग तुमी गप कसं बसलात, भावजी?"

"आबांम्होरं कसं बोलू? लाज वाटली." त्यानं नाक ओढलं. "तुमाला सांगनार हुती ती आदी. म्हनली, आक्काला सांगते, आक्का आबांना सांगतील. मोका बघत हुती."

तुळजाबाईनं पदर तोंडात धरला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

मंजुळाची आई बायनाबाई दारात आली. शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या तुळजाबाईच्या पायांवर तिनं पाणी घातलं, घोंगडं अंथरलं, गूळपाणी पुढं ठेवलं. पोरगी नांदवून घ्यायची होती. बाई दुसरं काय करणार? तुळजाबाईनं तिथंच, आईच्या समोर, मंजुळाचे पाय धरायला हात पुढं केला. मंजुळानं पाय मागं घेतले.

"तुमी थोरल्या. आसं करू नका."

"चुकलं माजं. मामंजींना समदं सांगितलं. चल घरी."

"तुमाला म्हाईत न्हवतं का?" मंजुळानं विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

खोटं बोलायला जागा होती. तुळजाबाई म्हणाली, "हुतं. बोलले तवाच कळालं हुतं."

मंजुळानं मान हलवली. "बाळंतपन हितंच करीन," ती म्हणाली. "मंग येईन."

परत निघताना बायनाबाईनं लेकीलाच ओटी भरायला सांगितलं. मंजुळानं कुंकू लावलं, गहू आणि नारळ पदरात घातले. तुळजाबाईनं पदर पसरला होता, पण डोळे वर करवत नव्हते. ओटीतला नारळ घरी येईपर्यंत मांडीवर जड लागत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती खोरं घेऊन मळ्यात गेली आणि जुन्या खड्ड्यातलं खत स्वतः उकरलं. तिसऱ्यांदा लावलेली रोपं जगली. वाड्या उशिरा लागल्या आणि त्यांची खरबुजं बाजारात गेली तेव्हा इतरांची कधीच गेली होती. पुढं पावसाळा सरल्यावर मंजुळा मुलगी घेऊन आली. कामं वाटून घेई, विचारलेल्याला उत्तर देई, आणि आक्काऐवजी जाऊबाई म्हणे.

पण गावात एकदा गेलेला बोल गावातच हिंडत होता. मंजुळा परतायच्या आधीच, नदीवर धुणं धुताना, शेजारची शिवकन्या दोघी-तिघींना सांगत होती, की सुंदररावाच्या धाकटीनं शिवाशिव लपवून रोपांचा घात केला.

तुळजाबाईनं हातातलं धुणं खाली ठेवलं. "तसं न्हाई, शिवकन्ये. ती पोटुशी हुती. रोपं माज्या खतानं जळाली. म्या खोटं बोलले हुते."

शिवकन्या हळूच हसली आणि तिनं तिचं कोपर दाबलं.

"जावंची लाज राखायला आपल्या अंगावर घेतीस व्हय, तुळजाबाय? बया, लई मोठं मन तुजं!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुळजाबाईनं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं. त्यांनी पुन्हा माना डोलावल्या. एकीनं तर डोळ्यांना पदर लावला.